अनाथांच्या दंडांवरून गेलेली लस

30 नोव्हेंबर 1803 रोजी स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरील ला कोरुन्या बंदरातून ‘मारिया पिता’ नावाचे एक लहानसे जहाज अमेरिकेच्या रोखाने निघाले. त्या काळी स्पेनहून त्या दिशेला जाणाऱ्या जहाजांवर सामान्यतः फौज, अंमलदार, धर्मोपदेशक किंवा व्यापाराचा माल असे. या जहाजावर मात्र काही वैद्य, काही परिचारक, एक स्त्री आणि तीन ते नऊ वर्षे वयाची बावीस अनाथ मुले होती. जहाजावरची सर्वांत मौल्यवान वस्तू कोणत्याही पेटीत वा बरणीत ठेवलेली नव्हती. ती होती देवीच्या रोगावरची लस, आणि ती त्या मुलांच्या दंडांवर, त्यांच्या जिवंत कातडीखाली, एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जात महासागर ओलांडणार होती. राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा ज्या आस्थेने इतिहासग्रंथ जतन करतात, त्या आस्थेचा शतांशही या सफरीच्या वाट्याला आमच्याकडे आलेला नाही. म्हणून ती हकीकत येथे सविस्तर सांगावीशी वाटते.

देवीच्या रोगाने काय संहार केला आहे याची कल्पना आजच्या तरुण पिढीला येणे कठीण आहे, कारण ज्यांनी तो रोग डोळ्यांनी पाहिला अशी माणसे आता थोडी उरली आहेत. ज्याला तो होई तो वाचला तरी चेहऱ्यावर व्रण घेऊन जगे, पुष्कळांची दृष्टी जाई, आणि राजवाडा व झोपडी असा भेद तो रोग करीत नसे. फ्रान्सचा पंधरावा लुई 1774 मध्ये देवीनेच गेला. अमेरिका खंडात तर हा रोग मुळी नव्हताच. स्पॅनिश स्वाऱ्यांबरोबर तो मेक्सिकोत उतरला, 1520 मध्ये आझ्टेकांचा नवा राजा क्वित्लावाक त्याला बळी पडला, आणि ज्यांच्या रक्ताला या रोगाची ओळखच नव्हती अशा तेथील मूळ रहिवाशांची गावेच्या गावे उजाड झाली. ज्या दर्यावर्दी मार्गांनी हा काळ त्या मुलुखात शिरला, त्याच मार्गांनी पावणेतीनशे वर्षांनंतर स्पेनच्याच राजाने त्यावरचा उतारा पाठवावा, हा इतिहासातील एक विलक्षण योग होय.

देवीपासून बचाव करण्याचा यत्न त्यापूर्वी मुळीच होत नव्हता असे नाही. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीत शिरवून सौम्य देवी आणावयाच्या, म्हणजे पुढे तीव्र देवी येत नाहीत, ही युक्ती चीन, तुर्कस्तान आणि आपल्याकडे बंगाल या प्रांतांत फार पूर्वीपासून ठाऊक होती. बंगालचे टीकादार ठराविक ऋतूत गावोगाव फिरत आणि पथ्यपाण्याचे कडक नियम घालून हे काम करीत, याचे वर्णन 1767 मध्ये हॉलवेल या इंग्रज वैद्याने आपल्या देशबांधवांसाठी लिहून ठेवले आहे. परंतु या उपायात खऱ्या देवीच अंगात घातल्या जात. काही माणसे त्यानेच दगावत, आणि टोचलेल्या माणसापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांत साथ पसरण्याचे भय नित्य असे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील बर्कली गावचा वैद्य एडवर्ड जेन्नर याने यातून निराळी वाट काढली. गाईच्या आचळांवर येणाऱ्या गोस्तन देवींचा संसर्ग ज्या गवळणींना होतो त्यांना पुढे माणसाच्या देवी येत नाहीत, ही तेथील शेतकऱ्यांत रूढ असलेली समजूत त्याने पडताळून पाहिली. 14 मे 1796 रोजी सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरील फोडातील लस त्याने आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, टोचली. जुलैमध्ये त्याच मुलाला मुद्दाम खऱ्या देवी टोचल्या, आणि त्या त्याला बाधल्या नाहीत. 1798 मध्ये जेन्नरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि दोन-तीन वर्षांत त्याची कीर्ती युरोपभर पसरली. येथेही पहिला प्रयोग एका गरीब नोकराच्या अजाण मुलावर झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व हकीकतीत ती पुन्हापुन्हा भेटणार आहे.

आता अडचण उभी राहिली ती वाहतुकीची. लस म्हणजे एक जिवंत द्रव्य. बर्फ साठवून ठेवणारी यंत्रे त्या काळी नव्हती, आणि सुताच्या धाग्यावर वाळवलेली किंवा काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये बंद केलेली लस युरोपातल्या थंड हवेत काही काळ टिकली तरी उष्ण कटिबंधातील महिन्यामहिन्यांच्या जलप्रवासात ती निर्जीव होऊन जाई. तिला जिवंत ठेवण्याचा खात्रीचा उपाय एकच होता : एका माणसाला टोचावे, आठ-दहा दिवसांनी फोड पिकला की त्यातील लस काढून दुसऱ्याला टोचावी, त्याच्यापासून तिसऱ्याला, आणि ही परंपरा कोठेही तुटू देऊ नये. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या किंवा जो आधी टोचला गेला त्याच्या अंगी लस पुन्हा नीट धरत नसे. प्रौढांपैकी बहुतेकांना देवी येऊन गेलेल्या असत. म्हणून या साखळीसाठी लागत ती लहान मुले.

आपल्या देशात ही लस पसरली तीही याच रीतीने, आणि ती प्रथम आली मुंबईला. व्हिएन्ना येथे राहणाऱ्या ज्याँ द कारो या वैद्याने लशीत भिजवलेला कापूस काचांमध्ये बंद करून, त्या काचांवर मेणाचे थरावर थर चढवून, कॉन्स्टँटिनोपलमार्गे ती बगदादला रवाना केली. 1802 च्या वसंतात ती तेथे पोहोचली तेव्हा आतला द्रव सुकलेला नव्हता. बगदादहून ती बसऱ्यास गेली, तेथे काही जणांच्या दंडांवर रुजली, आणि बसऱ्याहून समुद्रमार्गे मुंबईस आली. 14 जून 1802 रोजी डॉक्टर हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली मुंबईत अ‍ॅना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती लागू पडली. तिच्या दंडावरून पाच मुलांना टोचण्यात आले, आणि त्या मुलांच्या दंडांवरून निघालेली लस हैदराबाद, मद्रास, सिंहल आणि कलकत्ता या दिशांना पसरत गेली. मद्रासहून कलकत्त्यास जाताना जहाजावरही वाटेत मुलांना टोचतच ती न्यावी लागली. ज्या वर्षी हडपसरच्या रणांगणावर होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या आणि बाजीराव वसईच्या वाटेला लागला, त्याच वर्षीची ही घटना. हडपसरची लढाई आमच्या शालेय पुस्तकांत आहे. तीन वर्षांच्या त्या मुलीचे नाव मुंबईकरांतही क्वचितच कोणाला ठाऊक असेल. हे मनाला लागते.

स्पेनच्या साम्राज्यापुढचा प्रश्न याहून बिकट होता. बसऱ्याहून मुंबई काही आठवड्यांच्या अंतरावर होती, तर स्पेनची मालमत्ता मध्ये एक अवघा महासागर टाकून कॅलिफोर्नियापासून चिलीपर्यंत आणि पलीकडे फिलिपिन्सपर्यंत पसरलेली. 1802 मध्ये सांता फे दे बोगोता येथे देवीची मोठी साथ आली आणि तेथील नगरसभेने राजाकडे मदतीची याचना केली. राजा चौथा कार्लोस हा कर्तृत्वासाठी प्रसिद्ध नाही, परंतु या रोगाची झळ त्याच्या स्वतःच्या घराला लागलेली होती : 1788 मध्ये त्याचा भाऊ गाब्रिएल, भावजय व त्यांचे तान्हे मूल देवीने गेले, आणि 1794 मध्ये त्याची लहान मुलगी मारिया तेरेसा हिलाही त्याच रोगाने नेले. दरबारातील शल्यवैद्य फ्रान्सिस्को हाव्हिएर दे बाल्मिस याने मुलांच्या दंडांवरून लस नेण्याची योजना मांडली, ती मंजूर झाली, आणि सर्व खर्च शाही खजिन्यातून करावा व वसाहतींतील सुभेदारांनी मोहिमेस हरप्रकारे साहाय्य करावे असा हुकूम सुटला. त्या काळच्या कोणत्याही सरकारने सार्वजनिक आरोग्यासाठी एवढ्या विस्ताराची तजवीज केलेली मला आढळत नाही.

मुले कोठून आणावयाची, हा प्रश्न तत्कालीन दरबाराने अगदी सहज सोडवला. आईबापांची मुले कोणी देणार नाही. तेव्हा ज्यांच्या वतीने नकार देणारे कोणी नाही अशीच मुले घ्यावीत. माद्रिदपासून ला कोरुन्यापर्यंतचा खुष्कीचा मार्गही लशीने माद्रिदच्या अनाथालयातील मुलांच्या दंडांवरूनच काटला, आणि जहाजासाठी मुले जमवली गेली ती ला कोरुन्या, सांतियागो व माद्रिद येथील अनाथांच्या आश्रमांतून. त्यांची यादी दप्तरात राहिली आहे, आणि तिच्यातील बहुतेक नावांपुढे आडनाव नाही : पास्कुआल अनिसेतो, वय 3, मार्तिन, वय 3, क्लेमेंते, वय 6, कांदिदो, वय 7. प्रत्येकाला दोन जोडे, सहा सदरे, एक टोपी, तागाचे व थंडीसाठी जाड कापडाचे कपडे, हातरुमाल, एक फणी आणि जेवणासाठी स्वतंत्र थाळी-पेला देण्यात आला. ज्या मुलांना जन्मात स्वतःचे म्हणून काही मिळाले नसेल त्यांना हे सामान केवढे वाटले असेल! मोठे होऊन पोटापाण्यास लागेपर्यंत त्यांच्या पालनाचा व शिक्षणाचा भार राजाचा खजिना उचलील, असे वचनही हुकमात दिलेले होते.

या मुलांबरोबर जी एकच स्त्री होती ती ला कोरुन्याच्या अनाथालयाची व्यवस्थापिका इसाबेल सेंदाल. ती अविवाहित माता होती, आणि बावीस मुलांत तिचा स्वतःचा नऊ वर्षांचा मुलगा बेनितो हाही होता. तिच्या आडनावाचे लेखन जुन्या कागदपत्रांत इतक्या परींनी आढळते की दीर्घकाळ तिची नीट ओळखच पटत नव्हती. 2020 मध्ये माद्रिदने महासाथीसाठी बांधलेल्या नव्या रुग्णालयाला तिचे नाव दिले तेव्हा पुष्कळ स्पॅनिश माणसांनीही ते प्रथमच ऐकले असेल. तिच्यावाचून ही मोहीम पार पडली नसती असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही, आणि त्याचे कारण टोचण्याच्या पद्धतीतच आहे. दर नऊ-दहा दिवसांनी दोन मुलांना टोचावयाचे. दोघांना अशासाठी की एकाचा फोड फुकट गेला तर दुसऱ्याचा हाताशी असावा. बावीस मुले म्हणजे अकरा जोड्या, आणि अकरा जोड्या म्हणजे सुमारे शंभर दिवसांची मुदत. आता एखाद्या पोराने झोपेत फोड खाजवला, किंवा टोचलेले मूल न टोचलेल्याला बिलगून झोपले व लस आपोआप त्याच्या अंगी लागली, तर पुढच्या पाळीचे मूल आधीच खर्ची पडले आणि साखळीतील एक दुवा गळाला. सागराच्या हेलकाव्यांत, उलट्यांनी बेजार झालेल्या, घरच्या नव्हे तर आश्रमाच्या आठवणीने रडणाऱ्या तीन-तीन वर्षांच्या मुलांचे हात रात्रंदिवस सांभाळणे हे काम वैद्यांचे नव्हते; ते इसाबेलने केले.

कॅनरी बेटांवर टोचणीचे पहिले काम करून मोहीम फेब्रुवारी 1804 मध्ये पोर्तो रिकोस पोहोचली, तो तेथे लस आधीच आलेली. शेजारच्या डॅनिश बेटावरून ती आणवून स्थानिक वैद्याने पुष्कळांना टोचलेही होते. बाल्मिस हा तापट आणि मानी मनुष्य. त्याने ती टोचणी सदोष ठरवून तेथील अधिकाऱ्यांशी भांडण मांडले, आणि त्यात दिवस गेले. हा वाद त्याला शोभला नाही असे मला वाटते, आणि त्याची किंमत भारी पडण्याची वेळ आली होती, कारण न टोचलेली मुले संपत आली होती. मार्चमध्ये व्हेनेझुएलाच्या पोर्तो काबेल्यो बंदरात जहाज लागले तेव्हा पिकलेला फोड केवळ एका मुलाच्या दंडावर शिल्लक होता. तेवढ्या एका फोडातून त्या गावच्या अठ्ठावीस मुलांना टोचण्यात आले, आणि संबंध दक्षिण अमेरिकेकडे जाणारा प्रवाह त्या दिवशी वाचला. काराकास येथे बाल्मिसने लशीचे स्थायी मंडळ स्थापिले. टोचणीचे दिवस ठरवणे, नोंदी ठेवणे आणि एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाणारी परंपरा अखंड राखणे ही या मंडळाची कामे, आणि असली मंडळे गावोगाव स्थापन करणे हे मला त्याचे खरे कर्तृत्व वाटते. वैद्य निघून गेल्यावर काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने आधीच देऊन ठेवले होते.

येथून मोहिमेचे दोन भाग झाले. दक्षिणेकडे निघालेला दुय्यम वैद्य होसेप साल्व्हानी याचे जहाज माग्दालेना नदीच्या मुखापाशी फुटले. पुढे अँडीज पर्वताच्या वाटांवर त्याचा एक डोळा गेला, छातीच्या विकाराने त्याला ग्रासले, तरी बोगोता, किटो, लिमा असा एकेक प्रदेश टोचत तो सहा वर्षे चालत राहिला आणि जुलै 1810 मध्ये, चाळिशीही न गाठता, कोचाबांबा येथे वारला. त्याचा सहकारी मानुएल ग्राहालेस याने ते काम चिलीपर्यंत नेले. बाल्मिसला निदान मायदेशी परतून राजाची भेट तरी लाभली. साल्व्हानीला तेही लाभले नाही.

बाल्मिस क्यूबाला गेला. तेथून मेक्सिकोकडे जाण्यासाठी त्याला नवी मुले हवी होती आणि ती मिळेनात. तेव्हा त्याने तीन गुलाम मुली विकत घेतल्या व पलटणीतील एका ढोलकऱ्या पोराला बरोबर घेतले. लस पलीकडे पोहोचल्यावर त्या मुलींची पुन्हा विक्री झाली. मोहिमेचे गोडवे गाणाऱ्या अनेक लेखांत हे वाक्य गाळलेले असते. ते गाळता कामा नये. हे काही एकट्या बाल्मिसचे पाप नव्हते. 1804 मध्ये ब्राझीलच्या बाहिया प्रांतातून सात गुलाम मुलांना लिस्बनला पाठवून त्यांच्या दंडांवरून लस आणवण्यात आली, आणि 1805 मध्ये ब्वेनोस आयरेसला ती पोहोचली ती गुलामांच्या जहाजावरून, त्या बंदिवानांच्याच अंगावर. ज्यांच्या शरीरावर जगाने कोणताही हक्क त्यांना ठेवू दिला नव्हता, त्यांच्याच शरीरांतून हे रक्षण जगाला मिळाले.

व्हेराक्रूझ बंदरात टोचून घेण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा सुभेदाराने दहा शिपायांना हुकूम करून उभे केले. ला कोरुन्याची मुले मेक्सिको शहरात पोहोचली, आणि तेथे त्यांची रवानगी पुन्हा एका गरीबखान्यात झाली. राजाचे वचन कागदावर राहिले; त्यांची हेळसांड होत असल्याच्या तक्रारी बाल्मिसनेच केल्या आहेत. कालांतराने काही मुलांना तेथील कुटुंबांनी दत्तक घेतले. त्यांपैकी कोणी स्पेनला परत गेला नाही.

फेब्रुवारी 1805 मध्ये बाल्मिस व इसाबेल आकापुल्को बंदरातून फिलिपिन्सकडे निघाले ते सव्वीस मेक्सिकन मुले बरोबर घेऊन. ही सर्वच अनाथ नव्हती. काहींच्या आईबापांनी मुले सुखरूप परत आणण्याच्या करारावर ती दिलेली होती. भाडे पुरेपूर घेऊनही जहाजाच्या कप्तानाने मुलांना घाणीने भरलेल्या, उंदरांनी बुजबुजलेल्या जागेत जमिनीवर निजवले. ती झोपेत एकमेकांवर लोळत आणि ज्यांची पाळी आली नव्हती त्यांनाही लस लागे. तरीही 15 एप्रिल रोजी मनिला आली तेव्हा साखळी शाबूत होती. पुढे बाल्मिस तीन मुलांसह मकावला गेला, वाटेत वादळाने जहाजाची दुर्दशा केली, आणि सेंट हेलेना बेटावरून सप्टेंबर 1806 मध्ये तो स्पेनच्या दरबारात हजर झाला. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली होती. मेक्सिकन मुले 1807 मध्ये आपल्या मुलुखात परतली, करार पाळला गेला. इसाबेल व बेनितो मेक्सिकोतील प्वेब्ला येथे राहिले.

जेन्नर आणि निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्ट या दोघांनीही या मोहिमेची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि ती सर्वथा योग्य होती. पण त्या प्रशंसेत मुलांचा वाटा कोठे आहे, हे मी शोधतो आणि तो मला सापडत नाही. लस पोहोचवणाऱ्यांत बाल्मिसची गणना होते, राजाची होते, जहाजाचीसुद्धा होते. ज्यांच्या दंडावर ती रुजली, ज्यांना ताप आला, ज्यांच्या पिकलेल्या फोडाला पुन्हा सुईने उघडले गेले, त्यांना साधन समजून बाजूला ठेवण्यात आले. त्या मुलांनी त्याग केला असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण त्याग करणाऱ्याला नकाराची मुभा असावी लागते. त्यांच्याकडून घेण्यात आले. आणि जे घेतले ते इतके मोठे होते की त्याची नोंद त्यांच्या नावावर झाली पाहिजे. ला कोरुन्याच्या यादीतील बावीस नावे आणि मुंबईची अ‍ॅना डस्थॉल यांना वैद्यकाच्या इतिहासात जेन्नरच्या शेजारी जागा मिळाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

दंडावरून दंडावर टोचण्याची ही रीत पुढे कित्येक दशके चालू राहिली. आपल्याकडे सरकारी टोचणीदार गावात आला की आईला मूल दोनदा आणावे लागे : एकदा टोचून घेण्यासाठी आणि आठवड्याने पुन्हा, त्याच्या फोडातून दुसऱ्यांसाठी लस काढू देण्यासाठी. पहिल्या वेळेपेक्षा दुसरी वेळच मातांच्या जिवावर येई. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना आड येत, मुलाला इजा होईल ही धास्ती असे, आणि परिणामी लस देणारी मुले बहुधा गरिबांचीच शोधली जात व त्यासाठी प्रसंगी पैसेही मोजले जात. त्या मातांची धास्ती अगदी निराधार होती असेही नाही. 1861 मध्ये इटलीतील रिव्हाल्ता गावी एका मुलाच्या दंडावरील लशीबरोबर उपदंशाचा रोग अनेक मुलांच्या अंगी गेला, आणि साऱ्या युरोपचे डोळे उघडले. वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत नेपल्समध्ये आधीपासून वापरात होती. ती आता सर्वत्र पसरू लागली. इंग्लंडमध्ये 1898 साली माणसाच्या दंडावरून टोचण्याची रीत कायद्यानेच बंद झाली. मुंबई इलाख्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावला जो व्हॅक्सिन डेपो उभा राहिला तेथे वासरांपासून लस तयार होऊ लागली, आणि ती काचेच्या नळ्यांत भरून जिल्ह्याजिल्ह्याला रवाना होई. टोचणीदार ती नळी घेऊन गावात येऊ लागला, तेव्हापासून मूल टोचून झाले की आई त्याला घेऊन घरी जाई, आणि फोडातील लशीसाठी त्याला परत आणण्याचा तगादा तिच्यामागे कोणी लावीत नसे.